लाडी मोरवणीचा सारंग

इब्राहिमभाई,

सनाचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीचं कुलूप उघडत होते. "आंटी, बाबा पास्ड अवे," तुमची लेक म्हणाली. मी विचारलं, "कधी गं?" तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. पहाटे, हॉस्पिटलात, झोपेतच, असं तिनं सांगितलं. त्याच दिवशी दुपारी असरच्या नमाजानंतर तुम्हाला सुलैबिखातच्या कब्रस्तानात नेलं. तिथे बायका जात नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी शाळेतच थांबले आणि दुसरीच्या मुलांना पुस्तकं बदलून दिली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही विचारलं असतंत. कोणी गेलं की त्या वेळी बाकीचे काय करत होते, हे तुम्हाला नेहमी जाणून घ्यायचं असायचं.

आपली ओळख पाच वर्षांची. हवल्लीतल्या आमच्या शाळेत नवी कपाटं करायची होती आणि कंत्राटदारानं तुम्हाला पाठवलं. तुमची मूळ नोकरी अबू फहद यांच्याकडची. त्यांना जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करून ठेवण्याचा शौक होता आणि त्या होड्यांना तीस वर्षं तुमचे हात लागत होते. हाताला काम नसेल तेव्हा ते तुम्हाला अशी किरकोळ कामं करू देत. तिसऱ्या दिवशी तुम्ही रंधा खाली ठेवलात आणि म्हणालात, "बाई, तुमच्याकडे जुन्या जहाजांवर काय पुस्तक हाय?"

"कुठल्या जहाजांवर?"

"लाडी मोरवणी."

मला वाटलं, गावाकडची एखादी देवी असावी. तुम्ही हसलात. मग डबा उघडून बसलात, मला अर्धी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिलीत, आणि गोष्ट सांगितलीत. दाभोळच्या खाडीकाठचं तुमचं गाव. तुमचे पणजोबा हुसेन, इंग्रजांच्या अमदानीत एका मोठ्या शिडाच्या जहाजावर सारंग होते, म्हणजे सगळ्या खलाशांचे मुकादम. जहाज मुंबईहून तांदूळ, कापड, कौलं घेऊन आखातात यायचं आणि खजूर नि घोडे घेऊन परत जायचं. एका थंडीत ते कुवेतच्या दक्षिणेला खडकावर चढलं. पणजोबांनी माणसं मचव्यात उतरवली, स्वतः जहाजावर थांबले आणि जहाजाबरोबर गेले. तुमच्या घरात मुलाच्या सुंतेला आणि मुलीच्या लग्नाला ही गोष्ट सांगितली जायची. तुम्ही विशीत कुवेतला आलात तेव्हा आई म्हणाली होती, "मोठ्या आजोबांच्या दर्यावर जातोस, सलाम कर."

चाळीस वर्षं तुम्ही त्या जहाजाचा शोध घेत होतात. मुंबईला दोन वेळा कचेऱ्यांत खेटे घातलेत, सुट्टी संपली म्हणून परत आलात. मोरवणी नावाचं जहाज कुणाच्याच यादीत नव्हतं.

माझं श्रेय फार नाही. त्या नावाचा उच्चार मी फक्त तोंडात घोळवत राहिले. लाडी म्हणजे लेडी, हे लगेच कळलं. मोरवणीला मात्र दोन आठवडे लागले. त्या काळच्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत बंदरात आलेल्या-गेलेल्या जहाजांचे रकाने असायचे. त्यांची छायाचित्रं आता संगणकावर बघता येतात. एका गुरुवारी त्यात मला 'लेडी मॉरवेना' दिसली. तीन डोलकाठ्या, बसऱ्याहून, घोडे आणि खजूर. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "परत बोला तो नाव." मी परत म्हटलं. "आमच्या लोकांनी चांगला केलाव," तुम्ही म्हणालात. "मोरवणीच बरा वाटतो."

त्यानंतरची दोन-तीन वर्षं आपण दर शुक्रवारी सकाळी बसायचो, कधी सनाच्या घरी, कधी मिरकाबच्या तुमच्या खोलीत. त्या जुन्या इमारतीची लिफ्ट कायम बंद आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर. तुमच्या गावच्या कुवेतकरांचं मंडळ दरवर्षी जमतं, त्या मेळाव्यात जहाजाचा सगळा इतिहास मराठीत वाचून दाखवायचा, असं तुम्ही ठरवलं होतंत. कागद इंग्रजीत, म्हणून लिहिणार मी. समजावणार तुम्ही. मला जहाजातलं काहीच कळत नव्हतं. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानानं बांधलेलं, असं एका कागदात होतं, तर तुम्ही तासभर मला सागवान पाण्यात का टिकतं ते सांगत बसलात. मी म्हटलं, एवढं लिहायचं नाहीये. तुम्ही म्हणालात, "लिवू नका. पण कळूंदे."

इतिहास तसा साधाच निघाला. जहाज एका इंग्रज पेढीनं बांधून घेतलं. सुरुवातीला ते चीनपर्यंत कापूस नेत होतं. मग आगबोटी आल्या, आणि टपाल, साहेब लोक, किमती माल सगळं तिकडे गेलं. शिडाच्या जहाजांना उरलं ते आगबोटींना नको असलेलं. पेढीनं जहाज विकलं, ते मुंबईच्याच एका व्यापाऱ्यानं घेतलं आणि आखाताच्या फेऱ्यांना लावलं. पूर्वी जिथे रेशीम ठेवत तिथे घोडे बांधायला खुंट ठोकले. कप्तान इंग्रज, मालक देशी, आणि खलाशी बहुतेक तुमच्याच खाडीतले. खलाशांची नावं कुठेही नव्हती. "लस्कर इतके" असा नुसता आकडा असायचा. तुम्ही तो आकडा बोटानं चाचपायचात. "ह्यातला एक आमचा," म्हणायचात.

मग तो कागद आला.

जहाज बुडाल्यावर मुंबईत चौकशी झाली होती. तिची प्रत विलायतेतल्या एका संग्रहातून मागवली, ती यायला सात महिने लागले. मी ती घरी एकटीनंच आधी वाचली. कप्तानाची जबानी होती. वादळात जहाज खडकावर चढलं; सारंगाला मचवा देऊन अर्धी माणसं किनाऱ्याला सोडून ताबडतोब परत येण्याचा हुकूम केला; सारंग गेला तो आलाच नाही. रात्रभरात जहाज फुटलं. कप्तान आणि काही जण मासेमारीच्या एका कुवेती होडीला सापडले म्हणून वाचले. घोड्यांबरोबर असलेले चार मोतद्दार बुडाले. चौकशीनं कप्तानाला निर्दोष ठरवलं. सारंग हुसेनच्या नावापुढे शब्द होता, 'फरारी'. सगळ्या कागदपत्रांत तुमच्या पणजोबांचं नाव तेवढ्या एका जागी आलं होतं.

मी तुम्हाला ते शुक्रवारी वाचून दाखवलं. आवाज नेहमीचाच ठेवला. तुम्ही म्हणालात, "हा उतारा नको घालूया."

"मग हा इतिहास होणार नाही, इब्राहिमभाई."

"कप्तान काय बोलला तो इतिहास? सारंगाला इचारला कोणी?"

"तो हजर नव्हता. म्हणूनच तर."

"चार मोतद्दार बुडाले, त्यांची नावं हायत काय त्या कागदात?"

"नाहीत."

"बगा," तुम्ही म्हणालात.

तिथे मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला इतिहास नकोच आहे. तुम्हाला पणजोबांची तसबीर हवी आहे भिंतीवर टांगायला." सना चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. "बाई, तुमच्या घरात लिवनारे होते," तुम्ही म्हणालात. "आमच्यात अंगठा होता. अंगठ्याचा काय वाचनार तुमी?"

मी पर्स उचलून निघाले. आठ महिने आपण बोललो नाही. त्या वर्षीच्या मेळाव्यात जहाजाचा कार्यक्रम झाला नाही. मंडळाच्या लोकांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणे सांगितलंत, "बाईंचं काम चाललंय अजून." हे मला पुढे सनाकडून कळलं. मला राग आला होता तो तुमचा की माझाच, याचा मी त्या आठ महिन्यांत नीट छडा लावला नाही. आजही लावलेला नाही. पण तसबिरीबद्दलचं ते वाक्य मी परत घ्यायला हवं होतं, आणि घेतलं नाही. पुढे आपलं बोलणं सुरू झालं तेव्हा तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मी ती सोय वापरली.

डिसेंबरात तुम्ही शाळेत आलात. कपाटाची बिजागरी बघायला आलो म्हणालात. बिजागरी ठीक होती. मग म्हणालात, "शुक्रवारी खैरानला येशाल? अबू फहदचा शाले हाय तिकडे. जुमा आटपून निघू. तुमाला काय दाखवायचा हाय."

सना गाडी चालवत होती. आपण दक्षिणेला निघालो. अबू फहद समुद्रावरच्या त्यांच्या शालेच्या, म्हणजे छोट्या बंगलीच्या, पायरीवर कानटोपी घालून बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. वडील त्यांचे मुंबईला खजूर नेणारे नाखवा, त्यामुळे त्यांना मोडकं का होईना हिंदी येतं. ते मला म्हणाले, "ये इब्राहिम पागल हो गया है, मॅडम. एक महिने से मेरा बोट माँगता है, इंजिन के बिना."

तुम्ही मला गळ्यात घालायचं फुगीर जाकीट दिलंत आणि बोटीत बसवलंत. अबू फहदही चढले, सना किनाऱ्यावर थांबली. शमाल वाहत होता, वायव्येचा तो थंडीतला वारा. अबू फहदनी सांगितलं, आज काहीच नाही, वादळात याच्या तिप्पट असतो. किनाऱ्यापासून थोडं आत एक बोया होता, नारिंगी. इंजिनावर तिथे पोचलो, तुम्ही त्याला हात लावलात आणि म्हणालात, "हा लाडी मोरवणी समजा." मग इंजिन बंद केलंत.

वल्ही घेऊन तुम्ही बोट किनाऱ्याकडे काढलीत. आपण सरळ गेलोच नाही. वारा आपल्याला दक्षिणेला ओढत होता. तिरपे तिरपे जात किनाऱ्याच्या जरा जवळ आलो तेव्हा बंगली बरीच मागे पडली होती. तुम्ही बोट वळवलीत. "आता परत जायचा," म्हणालात. आणि वल्हवायला लागलात.

सहासष्ट वर्षांचं वय तुमचं. मी घड्याळ बघत होते, कारण दुसरं काही करायला नव्हतं. वीस मिनिटं तुम्ही वल्हवलंत. पहिली पाच मिनिटं बोया तेवढाच राहिला. नंतर तो लहान व्हायला लागला. अबू फहदनी दुसरं वल्हं घेतलं, दोघं म्हातारे दात-ओठ खाऊन ओढत होते, तरी तो लहानच होत गेला. लाटेचं पाणी माझ्या मांडीवर येत होतं. मी म्हटलं, "पुरे." तुम्ही ऐकलं नाहीत. अबू फहदनीच शेवटी तुमच्या हातातलं वल्हं धरलं. "खलास, इब्राहिम. खलास," ते म्हणाले आणि इंजिन चालू केलं.

किनाऱ्यावर सनानं तुमच्या अंगावर टॉवेल टाकला आणि पहिल्यांदाच मी तिला मराठी बोलताना ऐकलं. "बाबा, वेडे आहात का तुम्ही?"

तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तो येत होता, बाई. येवं शकला नाय."

मी म्हटलं, "येऊ शकला नसता, एवढंच यातून कळतं. येत होता का, ते नाही कळत."

तुम्ही मान डोलावलीत. राग आला नाही तुम्हाला. मला वाटलं होतं येईल. "खरा हाय," म्हणालात. "घाला कप्तानाचा उतारा. पन त्याच्याखाली एक ओळ माझी घाला."

"कुठली?"

"परत येन्याचा हुकूम सारंगाला होता, वाऱ्याला कोनी दिला नव्हता."

मी म्हटलं, हे मत झालं, पुरावा नाही. तुम्ही म्हणालात, मग पुढे लिवा 'हे इब्राहिमचं मत'. मी म्हटलं, बघू. हे 'बघू' फेब्रुवारीपर्यंत चाललं. मजकूर तयार होता, फक्त त्या एका ओळीची जागा मोकळी होती. मी ती तळटीपेत घालावी की उताऱ्याखाली, यावर विचार करत होते. खरं सांगायचं तर विचारही करत नव्हते. शाळेच्या परीक्षा होत्या. फेब्रुवारीत तुमच्या छातीत दुखलं, तुम्हाला हॉस्पिटलात ठेवलं, मी दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी तुम्ही विचारलंत, "झाला काय?" मी म्हटलं, "होत आलंय." चार दिवसांनी सनाचा फोन आला.

ती ओळ आता उताऱ्याखालीच आहे, तळटीपेत नाही. तुमच्या बोलीत, तुमच्या शब्दांत ठेवली आहे. तुमचं नाव पुढे घातलं आहे.

तुम्हाला लिहायला बसले ते मात्र त्यासाठी नाही. काल दुपारी मी गावाला तुमच्या घरी जुबेदाभाभींना फोन केला, म्हणून. तुमच्यामागे सांत्वनाचा फोन करायला मला सहा आठवडे लागले. तो माझा दोष. त्या फार शांत बोलल्या. सासूच्या आजारपणासाठी तुमचा इथला संसार सोडून गावी गेल्या त्याला बारा वर्षं झाली, आणि तुमचं तोंडही बघायला मिळालं नाही, हे त्यांनी तक्रार न करता सांगितलं. मी विचारलं, दिवस कसा जातो. त्या म्हणाल्या, "इद्दतला बसलंय ना मी. चार महिने नि दहा दिवस. घरातच. बाईच्या जातीला नवरा गेल्यावर चुकत नाय ता. आमच्या मोठ्या आजीसारखी गत नको म्हणून आधीच बसलंय."

"कुठल्या मोठ्या आजी?"

"ह्यांची पणजी. सारंगाची बायको."

मी विचारलं, त्यांची काय गत झाली? भाभींनी जे सांगितलं ते त्यांना तुमच्या आईनं सांगितलं होतं, आणि आईला तिच्या सासूनं, जिनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. जहाज बुडाल्यावर मचव्यातले खलाशी गावात परतले, सारंग जहाजाबरोबर गेला म्हणाले. सगळ्या गावानं मातम केला. बायकांनी तुमच्या पणजीला इद्दतला बसायला सांगितलं. ती बसली नाही. काचेच्या बांगड्या हातात ठेवून शेतावर जायला लागली. लोकांनी नावं ठेवली, मौलवींनी समजावलं. ती कोणाला काही बोलली नाही. दरवर्षी पावसाळा संपून अरबांची गलबतं खाडीत आली की कोणीतरी तिच्या दारात खजुराची एक करंडी ठेवून जायचं. कोणाकडून, ते कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"लेकाचं लगीन झाला, सून घरात आली, तवर. मग एक साल गलबत आले, पन करंडी आली नाय. ती वाट बघून राहिली. शेवटचा गलबत गेला त्या दिवशी तिनं बांगड्या काढल्यान नि इद्दतला बसली. गाव बोलला, म्हातारीला खूळ लागला. इतक्या सालांनी काय बसते! पन चार महिने दहा दिवस, एक दिस कमी नाय केलान."

मग मी विचारलं, "भाभी, इब्राहिमभाईंना हे ठाऊक होतं?"

"नसावा," त्या म्हणाल्या. "बायकांतली गोष्ट ती. नि त्यांनी कधी आजीचा इचारलाच नाय. त्यांचा सगळा जहाजाचा."

मीही नव्हतं विचारलं, इब्राहिमभाई. आपण दोघांनी मुंबई धुंडाळली, विलायतेहून कागद मागवले, खैरानच्या समुद्रात वल्ही मारली. सारंग हुसेन परत का आला नाही ते मला आता समजतं. मुंबईत त्याच्या नावावर फरारीचा शेरा होता, आणि गावात त्याच्या सोबत्यांनी त्याला वाचवण्यासाठी गोष्टीत मारून टाकलं होतं. जिवंत परतला असता तर ते सगळेच खोटे पडले असते. हे अनुमान आहे, पुरावा नाही. तुम्ही मला लगेच हे ऐकवलं असतंत, आणि मला ते आवडलं असतं.

भाभींची परवानगी घेऊन मी हे सगळं इतिहासात घातलं आहे. पुढच्या मेळाव्यात सना वाचणार आहे, मराठीत. अडेल तिथे मी शेजारी बसेन. शेवटी मी भाभींना पणजीचं नाव विचारलं, कारण आपल्या सगळ्या कागदांत ते कुठेच नव्हतं. भाभी म्हणाल्या, "थांबा, कबिल्यातल्या म्हाताऱ्यांना इचारते." आज सकाळी त्यांचा निरोप आला. आमिना.